‘चांगला एरिया’ नावाची अफवा

जळगाव-धुळ्याकडून इंजिनिअरिंग करून बाहेर पडलेल्या पोरापोरींचा आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. निम्मे पुण्यात, काही मुंबई-बंगळुरूला, काही अजून गावीच. प्लेसमेंटचा आणि परीक्षांचा हंगाम आला की त्यावर ठरलेला प्रश्न येतो. "दादा, सोमवारी इंटरव्ह्यू आहे. पुण्यात पहिल्यांदाच येतोय. दोन दिवस राहायला चांगला एरिया कोणता?"

उत्तरांचा पाऊस पडतो. बाणेर. औंध. विमाननगर मस्त आहे. कोथरूड, शांत आणि सेफ. स्टेशनजवळ चुकूनही थांबू नकोस. मग वयाने जरा मोठं कोणीतरी लिहितं, "भोसरीला आपले लोक आहेत ना भो, लॉजला कशाला पैसे घालतो?"

मला या दोन्ही उत्तरांचा राग येतो. उत्तरं देणाऱ्यांचा नाही, ती मायेनेच दिलेली असतात. पण ‘चांगला एरिया’ आणि ‘आपला एरिया’ या दोन शब्दांनी गेली कित्येक वर्षं आपल्याकडच्या नवख्या माणसाला शहराच्या दारातच अडवून ठेवलंय. पहिला शब्द त्याच्या खिशाची परीक्षा घेतो, दुसरा त्याच्या आडनावाची. हे दोन्ही शब्द सल्ल्यातून काढून टाकावेत आणि पहिल्यांदा शहरात जाणाऱ्याला सरळ सांगावं, की बाबा, पहिले दोन दिवस स्टेशनजवळ किंवा स्टँडजवळ राहा. हो, त्याच बदनाम भागात. असं का म्हणतो, ते सांगतो.

गाडी जिथं थांबते

आधी एक गोष्ट मान्य करू. आपण खान्देशातल्या लोकांनी शहरात राहायचा भाग फारसा कधी ‘निवडला’च नाही. तो गाडीने निवडला.

मुंबईत आपली माणसं कुठे आहेत? कल्याणला. कल्याण पूर्व, डोंबिवली, पुढे अंबरनाथपर्यंत. का? भुसावळ-जळगावकडून येणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या कल्याणला थांबतात. तिथून सीएसएमटी अजून ५०-५५ किलोमीटर आहे, पण गाठोडं खाली ठेवायला जागा कल्याणलाच परवडायची. लोक उतरले आणि तिथेच राहिले. दादर-गिरगावात कोकणातल्या गावांच्या ‘गावकीच्या खोल्या’ होत्या. एका खोलीत पंधरा-वीस गडी पाळीपाळीने झोपायचे, पण गावाच्या नावाची एक खोली मुंबईत होती. आपल्या नशिबी ती नव्हती, म्हणून आपण रेल्वेच्या फाट्यावर राहिलो.

सुरतेचंही तेच. भुसावळ-जळगावहून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत जाणारी तापी खोऱ्यातली शंभर वर्षांहून जुनी रेल्वे मुंबई-सुरत मार्गाला कुठे मिळते? उधन्याला. आणि सुरतेतली मराठी वस्ती सगळ्यात दाट कुठे आहे? उधना आणि शेजारचं लिंबायत. तिथल्या गल्लीत गुजरातीच्या बरोबरीने अहिराणी ऐकू येते. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून ज्या नवसारी मतदारसंघातून लोकसभेवर जातात, त्यात हेच भाग येतात. म्हणजे ज्या स्टेशनाशेजारी आपले आजे-पणजे लूम आणि मिलच्या कामासाठी उतरले, ती आज खासदार घडवणारी वस्ती आहे. स्टेशनाजवळच्या वस्तीला नाकं मुरडणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं.

धुळ्याची गोष्ट वेगळी. धुळ्याला रेल्वे आहे, पण ती चाळीसगावहून निघून धुळ्यात येऊन संपते. मनमाड-इंदूर मार्गाची मागणी करता करता पिढ्या गेल्या. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी २०२४ मध्ये मिळाली, आता गाडी कधी धावते ते बघायचं. तोवर धुळेकराचा आधार रस्ताच. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग आपल्या गावात एकमेकांना भेटतात. त्यामुळे धुळ्याचा माणूस बसने नाशिकला गेला आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांत लागून सिडकोत राहिला. किंवा नाशिक रोडनेच पुण्यात शिरला आणि वाटेत जे पहिलं लागलं तिथं, म्हणजे मोशी, भोसरी, चिखलीच्या पट्ट्यात थांबला.

सांगायचा मुद्दा असा, की आपल्या वाडवडिलांनी कुठल्या एरियाला किती स्टार आहेत ते पाहिलं नाही. त्यांनी दोनच गोष्टी पाहिल्या. कुठे उतरतो आणि कामावर कसा पोचतो. नवख्या माणसासाठी याहून शहाणा निकष मला आजही सापडलेला नाही. फरक एवढाच, की त्यांच्यासाठी ती मजबुरी होती. आपण तो निकष डोळे उघडे ठेवून वापरू शकतो.

चांगला, पण कुणासाठी?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे अॅपवरचे फिल्टर कसे चालतात हे मला जरा कळतं. तुम्ही ‘टॉप रेटेड’वर टिक करता तेव्हा यादी तुमच्यासाठी बनत नाही. ज्यांनी आधी तिथे राहून रेटिंग दिलंय, त्यांच्यासाठी बनते. आणि ते कोण? ज्यांना कॅब परवडते, जे दुपारी विमानाने किंवा स्वतःच्या गाडीने येतात, ज्यांचं काम त्याच भागात असतं, ज्यांना शांतता हवी असते. ‘शांत परिसर’, ‘झाडी’, ‘गर्दी नाही’ असं ते लिहितात. त्यांचं खरंच असतं.

आता तीच यादी पारोळ्याच्या पोराच्या हातात द्या. त्याची ट्रॅव्हल्स पहाटे साडेचारला त्याला नाशिक फाट्यावर किंवा वाकडेवाडीला सोडते. जुनं शिवाजीनगर स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला हलवलं, हे त्याच्या वडिलांना अजून माहीत नसतं. ते फोनवर "शिवाजीनगरला उतर"च म्हणतात. साडेचारला शांत परिसर म्हणजे बंद शटर, भुंकणारी कुत्री आणि दुप्पट भाडं सांगणारा रिक्षावाला. ‘चांगल्या’ एरियातल्या लॉजचं चेक-इन दुपारी बाराला. मग हा पोरगा इंटरव्ह्यूचा शर्ट बॅगेत, दात न घासलेले, अशा अवस्थेत सात तास काय करणार? ती सोय त्या यादीत नसते, कारण यादी लिहिणारा साडेचारला कधी उतरलेलाच नसतो.

शहरात ‘शांत’ हा शब्द बहुतेक वेळा ‘इथे अनोळखी माणूस दिसत नाही’ असा वाचावा लागतो. शांत भागात तुम्ही बॅग घेऊन दहा मिनिटं फुटपाथवर उभे राहिलात की वॉचमन विचारतो, "किसको मिलना है?" स्टेशनाबाहेर तुम्ही बॅग घेऊन तासभर उभे राहा. विचारलंच तर चहा पाहिजे का एवढंच विचारतील. नवखा माणूस म्हणजे अनोळखी माणूस. मग त्याने जिथे अनोळखी असणं रोजचं आहे, तिथेच आधी उतरावं ना?

आणि ‘चांगला’ या शब्दाच्या पोटात आणखी काय काय असतं, हे जरा दोन-चार वर्षं भाड्याने राहिलं की कळतं. ‘चांगली सोसायटी आहे’ म्हणजे कधी बॅचलर नको, कधी मांस-मच्छी नको, कधी ठराविक लोक नकोत. हे सगळं कुणी पाटीवर लिहीत नाही. फोनवर आडनाव विचारलं जातं आणि मग ‘कालच रूम गेली’ असं कळतं.

यावल तालुक्यातला माझा एक मित्र आहे, तडवी समाजातला. पुण्यात आला तेव्हा आम्ही दोघं एकाच कंपनीच्या टेस्टला बसलो होतो, मार्कही जवळपास सारखेच. ज्या ‘चांगल्या’ भागात मी आठवडाभरासाठी कॉट बेसिसवर जागा पाहून ठेवली होती, तिथल्या मालकाने त्याचं पूर्ण नाव ऐकलं आणि विचारलं, "तडवी म्हणजे नक्की कोण?" त्याने शांतपणे सांगितलं, की आम्ही आदिवासी आहोत आणि मुसलमान आहोत, सातपुड्याच्या पायथ्याला आमची गावं आहेत. मालकाला या उत्तरातल्या नेमक्या कुठल्या अर्ध्या भागाची अडचण होती, ते आम्हाला आजपर्यंत कळलं नाही. जागा मात्र मिळाली नाही. ती रात्र आणि पुढच्या तीन रात्री आम्ही स्टेशनजवळच्या एका डॉर्मिटरीत काढल्या. काउंटरवरच्या माणसाने आधार कार्ड पाहिलं, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, लॉकरची चावी दिली आणि म्हणाला, "गरम पाणी सहा ते आठ." बस. तो एरिया ‘खराब’ आहे असं अजूनही सगळे सांगतात.

‘आपली माणसं’ म्हणजे कोण कोण?

आता दुसरा सल्ला. आपल्या माणसांत राहा.

याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि मी ते नाकारत नाही. भोसरीच्या मावशीकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा मिळतो. आजारी पडलात तर कोणीतरी दवाखान्यात नेतं. शहराने पहिल्या महिन्यात दिलेले धक्के तुमच्या भाषेत कुणाला तरी सांगता येतात. भरीत पार्टीला चाळीस माणसं जमतात आणि त्यातलाच कोणीतरी तुमचा रेझ्युमे पुढे पाठवतो. हे सगळं खरं आहे.

पण दोन प्रश्न विचारू द्या.

पहिला प्रश्न. ‘आपली’ म्हणजे कोण? वर सांगितलेला माझा मित्र माझ्याच जिल्ह्याचा. केळीचं घड कसं उचलायचं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तो माझ्या मावशीच्या घरी आठ दिवस राहू शकला असता का? चहाला नक्की. मुक्कामाला? साक्री-शिरपूरकडच्या पावरा किंवा भिल्ल पोराला भोसरीतल्या कुठल्या ‘आपल्या’ माणसाचा नंबर मिळतो? आपण म्हणतो खान्देश, पण मुक्कामाची वेळ आली की खान्देशाची झपाट्याने जात होते. मग पोटजात होते. मग सोयरीक निघते. ‘आपला एरिया’ हा शब्द ज्याला नातेवाईक आहेत त्याच्यासाठीच आहे. आणि शहरात नातेवाईक कुणाचे असतात? ज्यांची एक पिढी आधीच शहरात येऊन गेली आहे त्यांचे. घरातून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या पोराला हा सल्ला म्हणजे ‘आधी मावशी जन्माला घाल’ असं सांगण्यासारखं आहे.

दुसरा प्रश्न. ज्यांना मावशी आहे, त्यांचं तरी काय होतं? संध्याकाळी किती वाजता आलास, कुणाबरोबर होतास, इंटरव्ह्यू काय झाला, हे तुम्ही घरी सांगायच्या आधी घरी पोचलेलं असतं. मुलींच्या बाबतीत तर विचारूच नका. कितीतरी मुलींना घरून परवानगीच अशी मिळते, की काकांकडे राहायचं असेल तरच जा. काकांचं घर चिखलीत, कंपनी खराडीला. रोज शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. तीन आठवड्यांत मुलगी दमते, आणि ‘तिला शहर झेपलं नाही’ अशी गावात नोंद होते. झेपलं नव्हतं ते अंतर.

शहराची सगळ्यात मोठी देणगी कोणती, तर तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. ती देणगी पहिल्याच रात्री परत करून टाकायचा हा सल्ला आहे. नंतर राहा की आपल्या माणसांत. सहा महिन्यांनी, स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या मर्जीने. तेव्हा मावशीच्या हातची भाकरी जास्त गोड लागते, कारण तिच्यासोबत हिशेब येत नाही.

स्टेशनचा बचाव

आता मुख्य आक्षेप. स्टेशनजवळचा भाग घाण असतो, चोर असतात, दलाल असतात, मुलींसाठी तर नाहीच नाही.

घाण असते, मान्य. दलाल असतात, मान्य. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच "रूम चाहिए क्या" म्हणत मागे लागणाऱ्याबरोबर कधीही जायचं नाही, हा नियम पाठच करावा. लॉज आधी ठरवलेलं असावं, रूम पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, मोबाइल चार्जिंगला लावून झोपू नये, सर्टिफिकेटची फाइल उशाखाली घ्यावी. पण या काळज्या सगळीकडेच घ्यायच्या असतात. फरक काय आहे ते बघा.

स्टेशनजवळ पहाटे चारला दिवे असतात, माणसं असतात, पोलीस चौकी असते, चहा असतो. रात्री अकराला जेवण मिळतं. तुमची लोकल चुकली तर दुसरी असते, बस चुकली तर शेअर रिक्षा असते. पुणे स्टेशनाहून हिंजवडीपर्यंत पीएमपीची बस जाते आणि वनाझ-रामवाडी मेट्रो दारातून जाते. दादरला उतरलात तर मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे हातात असतात. नवख्या माणसाचा नकाशा पक्का नसतो, तो हमखास चुकणार असतो. म्हणून त्याने अशा जागी राहावं, जिथे चुकण्याची किंमत दहा-वीस रुपये असते, पाचशे नसते.

शिवाय लोकांना माहीतच नसलेली एक सोय आहे. मोठ्या रेल्वे स्टेशनांवर रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी असते. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ती ऑनलाइन बुक होते. स्टेशनाच्या आतच, त्यामुळे पहाटे बाहेर पडायचीही गरज नाही. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ मध्ये झोपायच्या पॉडचं हॉटेल सुरू झालं, नंतर सीएसएमटीलाही आलं. जागा कमी आणि मागणी जास्त, त्यामुळे तिकिटाबरोबरच हे बुक करून टाकायचं.

मुलींचं काय? हा आक्षेप मी सगळ्यात गंभीरपणे घेतो, कारण माझी बहीणही परीक्षांसाठी अशीच धुळ्याहून बसने जाते. ती जे सांगते ते असं. भीती गर्दीची नसते, भीती रिकाम्या रस्त्याची असते. ‘सेफ’ म्हणून गाजलेल्या कॉलनीत संध्याकाळी साडेसातनंतर मुख्य रस्त्यापासून गेटपर्यंतची सातशे पावलं तिला सगळ्यात लांब वाटतात. स्टेशनावरच्या लेडीज वेटिंग रूममध्ये तिच्यासारख्याच हॉलतिकीट हातात धरलेल्या दहा जणी असतात. कुणी लातूरची, कुणी गोंदियाची. एकमेकींच्या बॅगा बघतात, एकत्र रिक्षा करतात. तिला स्टेशनजवळच्या प्रत्येक लॉजवर राहावंसं वाटतं असं नाही, आणि वाटूही नये. पण तिचा मुद्दा असा, की मुलींच्या सुरक्षिततेचं उत्तर ‘चांगला एरिया’ नसून ‘चांगली सार्वजनिक जागा’ आहे. स्टेशनात दहाऐवजी शंभर खाटांचं महिला शयनगृह असतं, तर हा वाद झालाच नसता. त्याऐवजी आपण तिला सांगतो, काकांकडे राहा, नाहीतर जाऊ नकोस.

तेव्हा ग्रुपवरच्या प्रश्नाला माझं उत्तर म्हणजे उलटे पाच प्रश्न आहेत. तुझी गाडी किती वाजता पोचते? काम कुठे आणि किती वाजता आहे? तिथे जाणारी पहिली बस किंवा लोकल किती वाजताची? रात्री उशिरा परतलास तर खाली जेवण मिळेल का? आणि तिथे तुझ्यासारखे दोन दिवसांचे पाहुणे रोज येतात का? या पाचांची उत्तरं ज्या भागात जुळतात, तो तुझा एरिया. बाणेर जुळलं तर बाणेर. मला बाणेरशी वैर नाही.

मुक्काम ही मेहेरबानी नाही

इथवरचा भाग सल्ल्याचा झाला. पण हा प्रश्न पोरांनी हुशारीने सोडवावा, एवढ्यावर मी थांबायला तयार नाही. मुळात महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात कामासाठी गेलेल्या माणसाला दोन रात्री पाठ टेकायला जागा मिळणं, हे ओळखीवर का अवलंबून असावं?

आपल्याकडे मंत्रालयात काम असलं की लोक काय करतात? आमदारांचं पत्र घेतात आणि आमदार निवासात मुक्काम करतात. एका खोलीत साहेबांचे दहा-बारा लोक, कुणी गादीवर, कुणी सतरंजीवर, कुणी व्हरांड्यात. मनोरा पाडल्यापासून तर आणखी दाटी. गावाकडच्या कित्येकांची पहिली मुंबई हीच असते. आणि त्या सतरंजीची किंमत निवडणुकीपर्यंत फेडावी लागते. ज्याला आमदार ओळखत नाही, त्याने कुठे झोपायचं? पोलीस भरतीच्या वेळी मैदानाबाहेर फुटपाथवर बॅग उशाला घेऊन झोपलेल्या पोरांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. ती पोरं ‘एरिया’ निवडायला चुकली नव्हती. त्यांना बोलावणाऱ्याने, तुम्ही रात्री कुठे राहाल, हा प्रश्नच स्वतःला विचारला नव्हता.

परळला टाटा मेमोरियलमध्ये उपचारासाठी जळगाव-धुळ्याचे पेशंट वर्षानुवर्षं जातात. केमो महिनोन्‌महिने चालते, लॉज परवडत नाही. त्यांना कोण सांभाळतं? दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, आणि अशा काही संस्था. गाडगेबाबा स्वतः झाडाखाली झोपले आणि लोकांसाठी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा बांधत राहिले. परगावच्या माणसाला आधी छप्पर लागतं, बाकी सगळं नंतर, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

शाहू महाराजांनाही ते कळलं होतं. १९०१ मध्ये त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहांची सुरुवात केली आणि पुढे एकेका समाजाच्या मुलांसाठी ती वाढवत नेली. खेड्यातल्या पोराला शाळेचं दार उघडं आहे असं सांगून उपयोग नाही, रात्री तो राहणार कुठे, याचं उत्तर आधी द्यावं लागतं. पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, तीही खेड्यातून आलेल्या मुलांच्या राहण्या-जेवणासाठीच. आणि आज? वसतिगृहात जागा नाही म्हणून ‘स्वाधार’ आणि ‘स्वयम्’ योजनांतून विद्यार्थ्याच्या खात्यात पैसे टाकले जातात आणि सांगितलं जातं, शोध तुझी तू खोली. पैसे आले तरी आडनाव तेच राहतं. खोली देणारा मालकही तोच.

याचा इतिहास आपल्या दारातच आहे. डॉ. आंबेडकर परदेशात शिकून १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात राहिले, आणि काही दिवसांत काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. १९२९ मध्ये ते सरकारी समितीच्या कामासाठी खान्देशात आले होते. परतीच्या वाटेवर चाळीसगावच्या दलित वस्तीतल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. पण त्यांना टांग्यात बसवायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा चालवायची सवय नसलेल्या वस्तीतल्याच एकाने लगाम हातात घेतला, वाटेत पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. आपल्या चाळीसगावात. १९३७ मध्ये ते धुळ्याला कोर्टाच्या कामासाठी आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. तिथे अजूनही दर ३१ जुलैला लोक जमतात. त्यांच्यासाठी एका मुक्कामाचं स्मारक होणं, यातच सगळं आलं.

आपल्या संविधानाच्या कलम १५ मध्ये धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून हॉटेलात प्रवेश नाकारता येणार नाही, असं स्पष्ट आहे. कलम १९ देशात कुठेही राहण्याचा हक्क देतं. पण घरमालकाच्या उंबऱ्यापाशी हे सगळं लंगडं पडतं. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सोसायटी आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते, असा निर्णय दिला. म्हणजे हॉटेलाचं दार कायद्याने उघडं आहे, सोसायटीचं तसं नाही. मग नवख्या माणसाने आधी कुठे जावं? जिथे कायदा त्याच्या बाजूने उभा आहे तिथे. स्टेशनसमोरच्या साध्या लॉजच्या रजिस्टरमध्ये नाव लिहिताना तो एक नागरिक असतो. मावशीच्या ओट्यावर तो कुणाचा तरी भाचा असतो, आणि शांत सोसायटीच्या गेटवर तो संशयित असतो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. एसटीची स्थानकं पाडून ‘बसपोर्ट’ बांधायच्या घोषणा होत असतात. त्या प्रत्येक इमारतीत दुकानांआधी एक मजला शयनगृहाचा असावा, त्यात अर्ध्या खाटा महिलांच्या. ज्या भरतीला, परीक्षेला हजारो उमेदवार परगावाहून बोलावले जातात, तिथे हॉलतिकिटावर सेंटरच्या पत्त्याखाली मुक्कामाचा पत्ताही छापलेला असावा. त्या रात्रीसाठी त्या शहरातल्या शाळा उघड्या ठेवायला काही हजार कोटी लागत नाहीत. एक जीआर लागतो.

आणि आपण, जे आता शहरात स्थिरावलोय, जे स्वतःच बाणेर-औंधात राहू लागलोय, आपणही एक करावं. पुढच्या वेळी कुणी गावाकडचा पोरगा ‘चांगला एरिया कोणता’ विचारेल, तेव्हा त्याला आपल्या सोसायटीचं नाव सांगून मोकळं होऊ नये. त्याची गाडी किती वाजता पोचते, ते विचारावं. जमलं तर तेव्हा स्टँडवर जावं. तो कोणत्या गावचा, कोणत्या घरातला, हे विचारायची काही घाई नसते.